चेतन नागपूरला आहे

गीताबाई गेली हे रंभाजीला भर दुपारी कळलं. तो तेव्हा कालव्याच्या नऊ नंबरच्या चारीवर होता. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटून तिसरा दिवस होता, पाट तुडुंब वाहत होता आणि पाण्याच्या पाळीवरून दोन शेतकऱ्यांची जुंपली होती. पाटकरी म्हटला की असली भांडणं मिटवणं हेच त्याचं निम्मं काम. त्या आरडाओरड्यात खिशातला फोन ऐकू आला नाही. दोघांना आपापल्या बांधावर पाठवून त्यानं फोन काढला तर अकरा मिस्ड कॉल, सगळे मनकर्णाचे. मनकर्णा शेजारीण, गीताबाईबरोबर रोज कांदे लावायला जायची. रंभाजीनं फोन लावला.

"भाऊजी, गीता गेली," ती म्हणाली. "छातीत जळजळतंय म्हनली, बांधावर बसली ती उठलीच न्हाई. टेम्पोत घालून आनली, पर डॉक्टर म्हनले आधीच गेलीय."

रंभाजी चारीच्या कठड्यावर बसला. आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मरायच्या आधी हिनं बायांना चेतनचं खरं सांगून तर टाकलं नसेल?

बायको गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं. असं आलं की देवळालीला घरी पोचेपर्यंत मोटारसायकल चालवताना त्याला रस्ता दिसेना, दोनदा उतरून उभं राहावं लागलं. पण पहिला आला तो तोच विचार, आणि हा क्रम आता कुणाला बदलता येणार नव्हता.

त्या दिवशी सकाळीच त्यावरून दोघांचं वाजलं होतं. भाकरी थापता थापता गीताबाई म्हणाली होती की बाया रोज विचारतात, चेतन नागपूरला काय खातो, किती वाजता उठवतात, आणि मी रोज नवं काहीतरी रचून सांगते. आता माझ्याच्यानं होत नाही, आज मनकर्णाला तरी खरं सांगते. रंभाजी म्हणाला, "तोंड उघडलंस तर बघ." तिनं भाकरी फडक्यात बांधून त्याच्यापुढं ठेवली आणि खुरपं घेऊन निघून गेली. सव्वीस वर्षांच्या संसारातलं त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं ते.

चेतन नागपूरला नव्हता. अठरा दिवसांपासून तो नगरच्या पुढं एका माळावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता.

हे पोरगं जन्मापासून बुजरं. घरात पाहुणा आला की मागच्या दारानं निघून जायचं. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करायचं नाही. थोरली वृषाली मात्र बोलायला फटकळ, कुणाला ऐकून न घेणारी. लोक म्हणायचे, रंभाजी, तुझ्या दोन्ही पोरांची अदलाबदल झालीय बघ. रंभाजी वरवर हसायचा. आत ते त्याला टोचायचं.

त्या बुजऱ्या पोराला एक गोष्ट मात्र फार चांगली जमायची. शाळा सुटल्यावर तो बापाबरोबर पाटावर यायचा. दहा वर्षांचा असेल. बापाच्या पिशवीतली तंबाखू तो आपल्या तळहातावर घ्यायचा, नखानं चुना लावायचा, अंगठ्यानं सावकाश मळायचा, दोन थापा मारून भुकटी उडवायचा आणि चिमूट बापापुढं धरायचा. बांधावर बसलेले शेतकरी त्याच्यापुढं हात करायचे. आमालाही दे रं बाळ, तुझ्या हाताला चव हाय, असं म्हणायचे. चारचौघांत त्या पोराला मिळालेली पहिली शाबासकी ती. त्याचे कान लाल व्हायचे, आणि रंभाजीला बरं वाटायचं. गीताबाईनं एकदा विचारलं होतं की पोराच्या हातात ते कशाला देता. रंभाजी म्हणाला, तो मळतोय, खातोय थोडाच. आठवीपासून तो खातही होता, हे रंभाजीला फार उशिरा कळलं.

तसा वस्तीत रंभाजीला मान होता. दारूचा थेंब त्यानं कधी तोंडात घेतला नव्हता. पौर्णिमेला विहारात पुढं उभं राहून तोच पंचशील सांगायचा आणि मागून सगळी वस्ती म्हणायची. बौद्धाचार्य आबासाहेब हे निवृत्त शिक्षक. ते थट्टेनं म्हणायचे, "रंभाजी, पाचवं शील म्हणायच्या आधी तोंडातलं थुंकून तरी येत जा."

"गुरुजी, तंबाखू काय मद्यात येती व्हय?" रंभाजी म्हणायचा आणि सगळे हसायचे. चेतनही त्या हसणाऱ्यांत असायचा, शेवटच्या ओळीत.

चेतन सतरा वर्षांचा असताना एका बागायतदारानं, पाण्याची पाळी चुकली म्हणून, भर पाटावर रंभाजीला आईवरून शिवी दिली. चेतन शेजारी उभा होता. तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. घरी आल्यावर रंभाजीनं बागायतदाराचा राग पोरावर काढला. "तुझ्यापरीस वृषाली पोरगा झाली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. चेतननं जेवण संपवलं, ताट धुऊन ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पाटावर यायचा बंद झाला.

बारावी झाल्यावर तो पोलीस भरतीच्या अकॅडमीत जायला लागला. पहिल्या भरतीत सोळाशे मीटर धावण्यात थोडक्यात हुकला. दुसऱ्या भरतीची तयारी सुरू झाली आणि पोरगं बदललं. मोठ्यानं बोलायला लागलं, मोठ्यानं हसायला लागलं. ग्राउंडवरून आला की थकलेला दिसायचा नाही. चौकात उभा राहायचा, पोरं त्याच्याभोवती जमायची. एकदा पाटावर डबा घेऊन आला तेव्हा एक जण रंभाजीशी आवाज चढवून बोलत होता. चेतननं डबा खाली ठेवला, जाऊन त्याची गचांडी धरली आणि म्हणाला, "पाटकऱ्याला बोलायचं आसंल तर आधी पाटकऱ्याच्या पोराला भेटायचं." तो माणूस गयावया करायला लागला. रंभाजीनं चेतनला लोकांदेखत रागावल्यासारखं केलं. आणि घरी जाताना अर्धा किलो मटण घेतलं.

गीताबाईनं ते मटण शिजवलं, पण खाल्लं नाही. "त्याचे डोळे बघितले का तुमी?" ती म्हणाली. "हे आपलं पोरगं न्हाई."

"मर्द झालंय पोरगं. तुला गरीब गायच पायजे व्हती," रंभाजी म्हणाला.

पुढच्या महिन्यात तिला गादीखाली औषधाची छोटी बाटली आणि सुया सापडल्या. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना तिनं ती बाटली दाखवली. ऑपरेशनच्या वेळी माणसाचा रक्तदाब उतरला तर द्यायचं हे औषध, ग्राउंडवरची पोरं दम टिकावा म्हणून टोचून घेतात, ताबडतोब बंद करा, असं नर्सबाईंनी सांगितलं. रंभाजीनं चेतनला विचारलं. चेतन म्हणाला, सगळीच पोरं घेतात, ग्राउंडपुरतं असतं, भरती झाली की बंद. रंभाजीनं ते मान्य केलं. तो फसला असं म्हणता येणार नाही. चेतन भरतीचं ग्राउंड नसलेल्या दिवसांतही तसाच होता, तीन तीन दिवस झोपत नव्हता, दात आवळून बसायचा, हे त्याला दिसत होतं. पण पोराच्या अंगातलं ते औषध काढलं तर खाली पुन्हा तो माती उकरणारा पोरगा निघेल, याची त्याला भीती होती. म्हणून त्यानं आणखी आठ महिने जाऊ दिले. गीताबाईनं विषय काढला की तो भरतीची तारीख सांगायचा.

मग एक दिवस चेतनला ते औषध मिळालं नाही. घामानं भिजलेला तो मोटारसायकलची चावी मागत होता आणि गीताबाई दारात आडवी उभी राहिली. त्यानं तिला ढकललं. ती ओट्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. रंभाजीनं दवाखान्यात सांगितलं की पाटावर धुणं धुताना शेवाळावरून घसरली. वस्तीतही तेच सांगितलं. गीताबाई प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून शेजारी बसलेली असायची आणि त्याचं सांगणं झालं की मान हलवायची. हात बरा होतो न होतो तोच ती पुन्हा कांद्याच्या कामाला लागली.

वृषालीच्या नवऱ्यानं केंद्र शोधून काढलं. दाखल करताना परवेझ नावाच्या समुपदेशकानं रंभाजीपुढं बसून फॉर्म भरला. परवेझ नगरचाच, चाळिशीचा, बोलायला साधा. घरात आणखी कुणाला व्यसन आहे का, असं त्यानं विचारलं. रंभाजी नाही म्हणाला. त्या वेळी त्याच्या गालात तंबाखू होती. परवेझनं एकदा त्याच्या गालाकडं बघितलं आणि फॉर्मवर नाही असं लिहिलं.

परत आल्यावर विहारापाशी कुणीतरी विचारलं, चेतन दिसत नाही. रंभाजीनं काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नागपूरला घातलाय. मोठी अकॅडमी हाय. मोबाईल काढून घेतात तिथं." एकदा बोलला ते बोलला. मग गीताबाईलाही तेच बोलावं लागलं.

तर आता गीताबाई घराच्या पुढच्या खोलीत चटईवर होती, पांढऱ्या चादरीखाली, आणि वस्ती दारात जमली होती. वृषाली मिरजगावहून चारच्या सुमाराला पोचली. आईच्या छातीवर डोकं ठेवून रडली, मग उठली आणि बापाला मागच्या पडवीत घेऊन गेली.

"चेतनला कळवलं का?" तिनं विचारलं. रंभाजीनं नकारार्थी मान हलवली. "आप्पा, मी नगरवरनंच आले. तुमी फोनवर म्हनला आसता तर त्याला घेऊनच आले आसते. आजूनबी ह्यांना पाठवते. दिवस मावळायच्या आत येतील."

रंभाजी म्हणाला, थांब, आधी तिथल्या सरांना विचारतो. फोन घेऊन तो घरामागच्या बाभळीखाली गेला. परवेझचा नंबर त्यानं काढला. नंबराकडं बघत उभा राहिला. त्याला चेतन दिसायला लागला, गाडीतून उतरणारा, चेहरा ओढलेला, हात थरथरणारा, दोन्ही बाजूंना केंद्राची माणसं. वस्तीला एका नजरेत कळलं असतं. त्यानं नंबर दाबला नाही. फोन नुसता कानाला लावला, बोलायला लागेल तेवढा वेळ तसाच उभा राहिला, आणि परत आला.

"परवेझसर न्हाई म्हनले," तो वृषालीला म्हणाला. "महिना झाल्याबिगर सोडत न्हाईत. मधीच आनला तर सगळं पान्यात जाईल म्हनले."

वृषाली परवेझला शिव्या देत आत गेली.

बाहेर लोक विचारत होते, चेतन निघाला का, थांबायचं का. रंभाजीनं सांगितलं की मीच नको म्हणालो. येत्या आठवड्यात त्याचं ग्राउंड आहे, आता आला तर वर्ष जाईल, आणि गीतालाही तेच आवडलं असतं. मग एक म्हातारा म्हणाला, "बापाला छाती पायजे राव." दोघातिघांनी रंभाजीच्या पाठीवर हात ठेवला. पुतण्यानं पुढचा खांदा धरला आणि गीताबाईला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा पिठलं-भाकरी घेऊन आली तेव्हा रंभाजीनं तिला आडून आडून विचारलं, शेवटी काय बोलत होती गीता. मनकर्णा डोळे पुसत म्हणाली, "पोराचंच की. नागपूरला डाळीत मीठ कमी आसतं म्हनली, म्हनून त्याला जेवन जात न्हाई." म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत त्याचं खोटं तिनं सांभाळलं होतं. रंभाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ते उतरलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की मनकर्णा जाईपर्यंत त्यानं ताटावरून नजर वर केली नाही.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दारात मांडव, गीताबाईचा फोटो, मेणबत्त्या. आबासाहेब बोलायला उभे राहिले. कालकथित गीताबाईंनी लोकांच्या शेतात राबून पोरांना शिकवलं, असं ते म्हणाले. ते खरं होतं. मग ते चेतनवर आले. वस्तीतली तरुण पोरं एका बाजूला बसली होती, त्यांच्याकडं हात करून ते म्हणाले की आज आपली पोरं कशाच्या मागं लागली आहेत ते आपण बघतोच, गुटखा म्हणू नका, दारू म्हणू नका, आता तर सुयासुद्धा आल्यात. आणि ह्याच वस्तीतलं एक पोर आई गेली तरी डोळे पुसून ग्राउंडवर उभं आहे. असं पोर घडवायला तसे आईबाप लागतात. लोकांनी रंभाजीकडं बघितलं. पोरांपैकी दोघं मात्र एकमेकांकडं बघत होती. त्यांना माहीत होतं, असं रंभाजीला वाटलं. माहीत असेल किंवा नसेल, पण त्या दिवसापासून ती दोघं समोरून आली की तो रस्ता बदलायला लागला.

मग आबासाहेब म्हणाले, पंचशील रंभाजींनीच सांगावं. तो उभा राहिला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते त्यानं कसंबसं सांगितलं, लोक मागून म्हणाले. पाचवं नशा न करण्याचं, तिथं त्याचा आवाज निघेना. लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं गळा दाटला. बायका रडायला लागल्या. उरलेलं आबासाहेबांनी पुरं केलं.

केंद्रात महिना झाला की पहिली भेट मिळते. तो रविवार आला. रंभाजी एकटाच जाणार होता, पण वृषालीनं ऐकलं नाही, ती नगरच्या स्टँडवर येऊन थांबली. दोघं रिक्षानं माळावर गेली. परवेझ कार्यालयात होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, चेतनची तब्येत सुधारली असं सांगितलं. वृषालीनं पाण्याचा ग्लास तसाच ठेवला.

"सर, तुमचं काम चांगलं आसंल," ती म्हणाली. "पन त्याला एक दिवस सोडला आसता तर त्यानं आईचं तोंड तरी बघितलं आसतं."

"कुणाच्या आईचं?" परवेझनं विचारलं.

परवेझनं रंभाजीकडं बघितलं, मग वृषालीकडं. वृषालीनं बापाकडं बघितलं. रंभाजी टेबलावरच्या रजिस्टरकडं बघत होता.

"मला फोन आला नाही, ताई," परवेझ हळू आवाजात म्हणाला. "आला असता तर मीच गाडी काढली असती. अशा वेळी आम्ही नेतो. मी स्वतः पेशंट म्हणून आत होतो तेव्हा माझे अब्बा गेले, मलाही नेलं होतं."

वृषाली उठली. ती ओरडेल, असं रंभाजीला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "मी भायेर बसते. त्याला तुमचं तुमी सांगा. सगळं."

परवेझनं चेतनला बोलावलं आणि स्वतः त्या दोघांजवळ खुर्ची ओढून बसला. चेतन आला. अंगावर थोडं मांस आलं होतं. केस बारीक कापलेले. दारात चप्पल काढून तो आत आला आणि बापासमोर बसून जमिनीकडं बघायला लागला. रंभाजीनं ओळखलं. हा तोच होता, पाहुणा आला की मागच्या दारानं जाणारा. ज्याच्या भीतीनं त्यानं आठ महिने घालवले होते तो पोरगा त्याच्यासमोर बसला होता, आणि त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं.

"आई न्हाई आली?" चेतननं विचारलं. "हात बरा हाय का तिचा?"

"आई गेली, चेतन," रंभाजी म्हणाला. "बारा दिस झाले. कांद्यात काम करता करता गेली. तरास न्हाई झाला तिला."

शेवटचं त्याला माहीत नव्हतं, तरी तो बोलला. चेतननं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरले. तो रडला नाही. नुसता पुढं मागं हलत राहिला. परवेझनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मग रंभाजी बोलायला लागला. त्यानं तंबाखूचं सांगितलं, तुझ्या हातात ती मीच दिली, लोक शाबास म्हणायचे ते मला गोड लागायचं. वृषाली पोरगा असती तर, हे बोललो त्याचं सांगितलं. मटणाचं सांगितलं. तू सुया टोचतोस हे कळल्यावरही मला तू तसाच बरा वाटत होतास, तुझ्या आईनं मला दहादा सांगितलं, मी तिलाच गप्प केलं. फॉर्मवर नाही लिहायला लावलं तेव्हा तोंडात तंबाखू होती, हेही त्यानं परवेझकडं बघून सांगितलं. आयुष्यात तो इतकं सलग कधी बोलला नव्हता, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण पाटाला भगदाड पडायची वेळ आली की पाटकरी खालची सगळी दारं उघडून देतो, म्हणजे वरचा जोर कमी होतो. रंभाजी तेच करत होता. बोलता बोलता त्याला ते कळत होतं.

तो थांबला. परवेझ वाट बघत राहिला. पुढचं यायचं आहे हे त्याला माहीत होतं.

चेतननं पहिल्यांदा मान वर केली. "मला बोलावलं न्हाई ते बरं केलं, आप्पा," तो म्हणाला. "मी तवा यायच्या लायकीचाच नव्हतो. रस्त्यातच पळालो आसतो. आन् ज्यानं तिला ढकललं त्यानंच तिला खांदा द्यायचा, हे तिलाबी बरं वाटलं नसतं. तुमी माझा आन् तिचा, दोघांचाबी इचार केला."

परवेझ रंभाजीकडं बघत होता. रंभाजीला ते बघणं गालावर जाणवत होतं. चेतनही बघत होता, पण तो काही विचारत नव्हता. त्यानं विचारलं असतं तर कदाचित रंभाजीनं सांगितलं असतं. त्यानं बापाला माफच करून टाकलं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी.

"व्हय," रंभाजी म्हणाला.

जेवणाची घंटा झाली. चेतन उठला, वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि आत गेला. त्याच्या पायात आता लगबग नव्हती, ऐट नव्हती. तो भिंतीच्या कडेकडेनं चालत गेला.

फाटकापर्यंत परवेझ बरोबर आला. रंभाजीला वाटलं तो आता रागावेल. परवेझ म्हणाला, "काका, हे मी त्याला सांगणार नाही. माझं सांगणं वेगळं, तुमचं वेगळं. पण तो स्वतःलाच दोषी धरून बाहेर पडला तर जास्त दिवस टिकणार नाही. इथून बाहेर यायच्या आत सांगा."

परतताना फाट्यावर मिळालेल्या बसमध्ये वृषालीनं एकच विचारलं, सांगितलं का. रंभाजी म्हणाला, सांगितलं. तिनं मान हलवली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. नगरला उतरताना तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. आईसारखीच केली. ते त्याला सहन झालं नाही.

त्यानंतर दोन भेटीचे रविवार होऊन गेले. दोन्ही वेळा चेतननं आईचं विचारलं, तिला कुठं नेलं, कोण कोण आलं होतं, आणि रंभाजीनं सगळं सांगितलं. मागच्या वेळी चेतन म्हणाला की केंद्रातल्या पोरांसमोर बोलायची पाळी आली तेव्हा मी आईचंच बोललो. माझ्यामुळं तिला पोराचा खांदा मिळाला नाही, असं सांगितलं. आता रोज सकाळी उठल्यावर तेच आठवतो, म्हणजे पुन्हा सुईकडं हात जाणार नाही. रंभाजी ऐकत बसला. परवेझ त्या दिवशी शेजारी नव्हता.

पौर्णिमेला आबासाहेबांनी पंचशील सांगायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय म्हणून रंभाजी घरीच राहिला. वस्तीत चेतन अजून नागपूरला आहे. मनकर्णा अधूनमधून त्याची खुशाली विचारते आणि रंभाजी बरा आहे म्हणतो.

येत्या रविवारनंतर आठवड्यानं चेतनला सोडणार आहेत. त्याला बोलवायला केंद्रानं नाही म्हटलं नव्हतं, बापानंच फोन लावला नव्हता, आणि तो लावला नाही तो लोकांच्या लाजेपायी, हे रंभाजीनं त्याला अजून सांगितलेलं नाही.